तीस तासांत कोणता ताप शिकायचा?

विषाणुजन्य आजारांवरच्या कोणत्याही वैद्यकीय परिषदेची निमंत्रणपत्रिका पाहिली, तर विषय, वक्ते आणि भोजनाची वेळ यांच्याइतकीच ठळक आणखी एक ओळ तिथे असते. या कार्यक्रमाला मेडिकल कौन्सिलने अमुक इतके क्रेडिट तास मंजूर केले आहेत, अशी ती ओळ. सामान्य वाचकाच्या डोळ्यांना ती दिसतच नाही, डॉक्टरांची नजर मात्र आधी तिथेच जाते. कारण डॉक्टरकीची नोंदणी आता एकदा केली की जन्मभर पुरते असे राहिलेले नाही. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2002 च्या आचारसंहितेने डॉक्टरांवर दर पाच वर्षांत किमान तीस तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घेण्याची जबाबदारी टाकली. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने नोंदणीचे नूतनीकरण या तासांशी बांधले आणि कर्नाटकातही क्रेडिटचीच पद्धत आली. डॉक्टर मंडळी या सगळ्याला ‘सीएमई’ म्हणतात. सभागृहात बसायचे, हजेरी नोंदवायची, कौन्सिलच्या निरीक्षकाने पाहून जायचे आणि प्रमाणपत्र खात्यावर जमा करायचे. पाच वर्षांत तीस तास म्हणजे महिन्याला अर्धा तास. एवढ्याशा वेळेवर वाद कशाला, असे कुणालाही वाटेल. पण तो अर्धा तास कुठल्या तापावर खर्च होतो, याचा हिशेब कुणीच मागत नाही, आणि माझे म्हणणे नेमके तेच आहे. क्रेडिट डॉक्टरच्या बसण्याला मिळते. ते त्याच्या दवाखान्यात येणाऱ्या आजारांशी आणि त्यानंतर बदललेल्या उपचाराशी जोडले गेले पाहिजे.

मुळात हे शिक्षण हवे कशाला, असा प्रश्न विषाणूंच्या बाबतीत तरी उरत नाही. 2003 साली एमबीबीएस होऊन बेळगाव परिसरात दवाखाना थाटलेल्या डॉक्टरचेच उदाहरण घ्या. त्या काळात बेळगाव जिल्हा कर्नाटकातल्या एचआयव्हीचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत मोडत होता. 2004 साली सरकारी मोफत औषधोपचार सुरू झाला तेव्हा रुग्णाच्या सीडी-फोर पेशी दोनशेच्या खाली गेल्यावरच गोळ्या द्यायच्या, असा दंडक होता. पुढे ती मर्यादा साडेतीनशे झाली, मग पाचशे झाली, आणि 2017 पासून निदान झाले की लगेच औषध सुरू करायचे असे धोरण आले. म्हणजे कॉलेजात पाठ केलेले उत्तर एकाच डॉक्टरच्या निम्म्या कारकिर्दीत तीनदा चुकीचे ठरले. हिपॅटायटिस सी ची गोष्ट तर याहून नाट्यमय. इंटरफेरॉनची इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यायची, अंगदुखी आणि नैराश्य सोसायचे आणि तरीही बरे होण्याची खात्री नाही, असा हा आजार 2015 नंतर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत बरा होऊ लागला. 2018 च्या राष्ट्रीय कार्यक्रमात हा उपचार मोफतही झाला. जुन्या माहितीवर विसंबून डॉक्टरने ‘याला फारसा इलाज नाही’ असे सांगितले, तर त्या रुग्णाचे यकृत निकामी होण्याला अज्ञानच कारणीभूत ठरते. डेंगीचेही असेच आहे. ताप उतरू लागतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होतात, एनएस-वन चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांतच उपयोगी पडते, आयबुप्रोफेन टाळायचे असते आणि प्लेटलेट केवळ आकडा घसरला म्हणून चढवायच्या नसतात. या साध्या गोष्टी आहेत, पण त्या वारंवार सांगाव्या लागतात.

तरीही हे सगळे आजार देशभरच्या परिषदांत बोलले जातात. बेळगाव आणि निपाणीच्या सीमाभागाला निसर्गाने आणखी एक ताप दिला आहे, आणि तिथे या क्रेडिटव्यवस्थेची खरी परीक्षा होते. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्यातल्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, तो विषाणू शोधून काढला. लोकांनी त्याला नाव दिले माकडताप. जंगलातल्या गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो, डिसेंबर ते मे हा त्याचा मोसम, आणि लागण झालेल्या शंभरातले तीन ते पाच जण दगावतात. कित्येक दशके हा शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांचा आजार समजला जात होता. 2015 मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात दिसला, 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात उफाळला, आणि त्याच हंगामात सत्तरीच्या काजूच्या बागांत कामाला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या मजुरांमध्येही सापडला. पुण्याच्या संशोधकांनी हे 2017 साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात नोंदवून ठेवले आहे. सत्तरीतून चोर्ला घाट चढला की खानापूर तालुका, दोडामार्गातून तिलारी घाट चढला की चंदगड, आणि दोन्ही वाटा शेवटी बेळगावच्या दवाखान्यांकडे येतात. काजू वेचायला गेलेला मजूर आजारी पडला की तो तिथे थांबत नाही, घरी परततो. त्याचा पहिला डॉक्टर खानापूरच्या एखाद्या खेड्यात असतो किंवा कंग्राळीसारख्या शहराला लागून असलेल्या गावात.

त्या डॉक्टरपुढे उभा राहणारा रुग्ण कसा असतो? एकाएकी चढलेला ताप, फुटून जाईल असे डोके, मोडून आलेले अंग, लाल डोळे, रक्त तपासले तर प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही कमी. हे चित्र थेट डेंगीचे वाटते. डेंगीची चाचणी नकारात्मक आली की बहुतेक ठिकाणी ‘व्हायरल आहे’ असा शेरा पडतो आणि विषय संपतो. व्हायरल कोणता, हा प्रश्न विचारण्यासाठी डॉक्टरच्या डोक्यात माकडताप आधीपासून असावा लागतो. तो असला तर एकच साधी विचारणा पुरते: गेल्या पंधरा दिवसांत कुठे कामाला होतास? उत्तर ‘गोव्याला, काजूला’ असे आले की पहिल्या आठवड्यातच रक्ताचा नमुना पीसीआर चाचणीसाठी पाठवता येतो. या आजारावर विषाणूला मारणारे खास औषध नाही. पण रक्तस्रावावर नजर ठेवणे, अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे टाळणे, तिसऱ्या आठवड्यात काही रुग्णांमध्ये ताप पुन्हा उलटून मेंदूवर परिणाम होतो हे घरच्यांना आधी सांगून ठेवणे, आणि मुख्य म्हणजे त्याच्याबरोबर बागेत असलेल्या इतरांना शोधणे, एवढे तरी निदानामुळे शक्य होते. जुनी लस फारशी परिणामकारक नसल्यामुळे कर्नाटकात 2022 मध्ये तिचा वापर थांबला. तेव्हापासून तर वेळेवर आलेली शंका हाच मुख्य आधार उरला आहे.

आता क्रेडिटच्या बाजूने पाहू. पंचतारांकित सभागृहातल्या हिपॅटायटिसच्या व्याख्यानाचा एक तास आणि काजूच्या हंगामापूर्वी तालुक्याच्या गावी माकडतापावर झालेल्या चर्चेचा एक तास, कौन्सिलच्या वहीत दोन्ही सारखेच. पहिल्याला प्रायोजक मिळतो, कारण हिपॅटायटिसच्या गोळ्या विकल्या जातात. दुसऱ्याला पैसे कोण देणार? माकडतापाचे औषधच नाही, त्यामुळे त्याचा स्टॉल कुणी लावत नाही. क्रेडिट समान आणि सोय असमान, अशा स्थितीत डॉक्टरांची पावले कुठे वळतील हे सांगायला नको. यात डॉक्टरांच्या नीतिमत्तेचा प्रश्न नाही, व्यवस्थेचा उतारच तसा आहे.

बसून ऐकल्याने वागणूक बदलते का, यावर जगभर बरेच संशोधन झाले आहे. 1999 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या एका आढाव्याचा निष्कर्ष रोखठोक होता: नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांची उपचारपद्धती बदलत नाही, चर्चा, सराव आणि प्रश्नोत्तरे असतील तर बदलू शकते. कॉक्रेन या संस्थेने 2021 मध्ये सव्वादोनशेच्या आसपास अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा शैक्षणिक बैठकांमुळे योग्य उपचार होण्याच्या प्रमाणात साधारण सात टक्के-अंकांची वाढ दिसली. हा आकडा दोन्ही बाजूंनी वापरला जातो. क्रेडिटचे टीकाकार म्हणतात, एवढ्यासाठी हा खटाटोप? समर्थक म्हणतात, लाखो रुग्णांवर सात टक्के म्हणजे थोडे नव्हे. मला दुसरे म्हणणे अधिक पटते, पण एका अटीवर. हे सात टक्के वेगवेगळ्या प्रकारच्या बैठकांचे मिळून आहेत. चांगल्या बैठकांचे श्रेय घेऊन वाईट बैठकांचे क्रेडिट चालू ठेवायचे, असा त्याचा उपयोग होऊ नये.

नुसते ऐकल्याने उपचार बदलत नाहीत, याचा आणखी एक पुरावा कोविडच्या काळाने दिला. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तद्रवाचा, म्हणजे प्लाझ्माचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर चाचणी घेतली. उपयोग होत नाही, हा तिचा निष्कर्ष ऑक्टोबर 2020 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तरी एप्रिल 2021 च्या लाटेत लोक प्लाझ्मासाठी रात्री-अपरात्री दाते शोधत धावत होते, आणि सरकारी मार्गदर्शक सूचनांतून तो वगळला गेला मे 2021 मध्ये. मधल्या सात महिन्यांत वेबिनारचा तर सुकाळ होता. दोष एकट्या डॉक्टरचा नव्हता, सरकारी कागदावरच प्लाझ्मा शिल्लक होता आणि नातेवाइकांचा दबाव भयंकर होता, हे मान्यच करायला हवे. पण भारताने स्वतः घेतलेल्या चाचणीचे उत्तर भारतातल्याच खाटेपर्यंत पोचायला सात महिने लागले, तर ऐकलेल्या तासांची बेरीज हे ज्ञान पोचल्याचे माप नव्हे, एवढे तरी सिद्ध होते.

मग माप कोणते? याचे उत्तर शोधायला बेळगावकरांना दूर जावे लागत नाही. 2013 साली पीडियाट्रिक्स या नियतकालिकात बेळगाव जिल्ह्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांचा पुढाकार होता. जन्मताच न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास कसा द्यायचा, याचे प्रशिक्षण प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून शहरी रुग्णालयांपर्यंतच्या 599 जणांना दिले गेले. बाहुली हातात घेऊन, पुन्हा पुन्हा करून. आणि मग प्रशिक्षणाची हजेरी मोजत न बसता बाळे मोजली. मृत जन्मांचे प्रमाण तीन टक्क्यांवरून 2.3 टक्क्यांवर आले. जन्मानंतरच्या महिनाभरातले मृत्यू मात्र घटले नाहीत, आणि संशोधकांनी तेही लपवले नाही. मला या अभ्यासातली ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची वाटते. प्रशिक्षणाने काय साधले आणि काय साधले नाही, हे दोन्ही कळले, तरच पुढचे प्रशिक्षण कशाचे घ्यायचे ते ठरते. विषय विषाणूंचा नव्हता, पण पद्धत तीच लागू होते. माकडतापाच्या सत्रानंतर त्या हंगामात किती संशयित नमुने तालुक्यातून पाठवले गेले, डेंगीच्या सत्रानंतर विनाकारण चढवलेल्या प्लेटलेट किती घटल्या, कुत्रा चावलेल्या खोल जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन देण्याचे प्रमाण किती वाढले, हे आकडे दवाखान्याच्या आणि जिल्हा आरोग्य खात्याच्या नोंदींतून काढता येतात. क्रेडिटचा काही भाग तरी अशा नोंदीवर द्यावा.

यावर पहिला आक्षेप येईल तो परिषदांच्या बाजूने. मोठ्या परिषदांत जे घडते ते मोजता येत नाही, चहाच्या वेळी झालेली ओळख पुढे एखाद्या साथीत उपयोगी पडते, असे जाणकार सांगतात, आणि ते खोटे नाही. 2018 च्या मे महिन्यात कोझिकोडच्या एका खासगी रुग्णालयात एकाच घरातल्या दुसऱ्या माणसाचा मेंदूज्वर पाहून डॉक्टरांना शंका आली. नमुना मणिपालच्या प्रयोगशाळेत गेला, पुण्याने शिक्कामोर्तब केले आणि निपाह विषाणू ओळखला गेला. सतरा जणांचे प्राण गेले तरी साथ आटोक्यात आली, कारण शंका लवकर आली आणि नमुना कुणाकडे पाठवायचा हे ठाऊक होते. अशी माहिती ओळखीपाळखीतून येते. म्हणूनच परिषदा बंद करा असे कुणी म्हणू नये. फक्त मणिपाल आणि पुण्याच्या प्रयोगशाळांतली माणसे बेळगावच्या, निपाणीच्या, चंदगडच्या डॉक्टरांना भेटतील अशा बैठकांना महानगरातल्या परिषदेपेक्षा जास्त क्रेडिट द्यायला कुणाची हरकत असावी, हे मला समजत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. एकट्याने दवाखाना चालवणारा डॉक्टर दिवस बुडवून सीएमईला जातो, त्याच्यावर आता नोंदी आणि परीक्षांचे ओझे टाकायचे का? अमेरिकेत हे करून पाहिले गेले. तिथल्या अंतर्गत वैद्यकाच्या मंडळाने तज्ज्ञपद टिकवण्याच्या अटी 2014 मध्ये इतक्या जाचक केल्या की डॉक्टरांनी बंड पुकारले आणि फेब्रुवारी 2015 मध्ये मंडळाला जाहीर माफी मागावी लागली. ब्रिटनने वेगळा रस्ता धरला. तिथे 2012 च्या अखेरीपासून दर पाच वर्षांनी पुनर्मान्यता घ्यावी लागते, पण तिचा पाया परीक्षेचा नसून सहकाऱ्याबरोबर दरवर्षी होणाऱ्या आढाव्याचा असतो, आणि त्यात स्वतःच्या रुग्णांवरून काय शिकलो ते मांडावे लागते. आपल्याकडे ब्रिटनची यंत्रणा जशीच्या तशी उभी करणे शक्य नाही. पण स्वतःच्या तापाच्या दहा रुग्णांची माहिती घेऊन तालुक्यातल्या पाच-सहा डॉक्टरांनी संध्याकाळी दोन तास बसायचे, मेडिकल कॉलेजचा एक तज्ज्ञ बोलवायचा, आणि त्याला क्रेडिट मिळवायचे, यात दिवस बुडत नाही. उलट बेंगळुरू किंवा मुंबईची रेल्वे वाचते.

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि तो सगळ्यात अवघड. औषध कंपन्यांनी हात आखडला तर परिषदा होणार कशा? आचारसंहितेतल्या 2009 च्या दुरुस्तीने डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटवस्तू आणि प्रवासखर्च घ्यायला मनाई केली. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा खर्चावर कंपन्यांना करसवलत नाही, असे सांगताना हा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत, म्हणजे रुग्णाच्याच खिशात जाऊन बसतो याकडे लक्ष वेधले. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कंपन्यांनी प्रायोजित केलेल्या कार्यक्रमांना जाण्यावरच बंदी आणणारे नियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. मार्च 2024 च्या औषध विपणन संहितेने मधला मार्ग काढला: कंपन्या सीएमईला पैसे देऊ शकतात, पण परदेशात नाही, डॉक्टरांच्या प्रवासाला नाही, आणि खर्च उघड ठेवून. हे ठीकच आहे. पण लक्षात घ्या, ज्या शिक्षणाला हॉटेल लागत नाही त्याला प्रायोजकही लागत नाही. बेळगावात केएलईचे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे, बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि नेहरूनगरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे, जिने 2020 मध्ये कोविडच्या चाचण्याही केल्या. टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो आज सभा-मेळाव्यांसाठी ओळखला जातो, पण देवीची लस तिथेच तयार होत असे. विषाणूंशी लढण्याची सामग्री या शहराला नवी नाही. सभागृह आणि तज्ज्ञ दोन्ही घरचेच आहेत.

राहिली सीमेची गोष्ट. चंदगडचा डॉक्टर महाराष्ट्राच्या कौन्सिलचा, बेळगावचा कर्नाटकाच्या, सत्तरीचा गोव्याच्या. गोचिडीला आणि मजुराला यातले काही ठाऊक नाही. तिन्ही कौन्सिलांनी एकत्र मान्यता दिलेले, नोव्हेंबरात म्हणजे काजूच्या कामाला माणसे निघण्यापूर्वी होणारे एक सत्र, त्यात तिन्ही बाजूंचे डॉक्टर, आणि मे महिन्याच्या अखेरीस कुठून किती नमुने गेले याचा आढावा घेणारे दुसरे, एवढे जमले तरी प्रत्येकाचे त्या वर्षाचे क्रेडिट सत्कारणी लागेल. त्यात आणखी एक जोड हवी. तीस तासांचा नियम आधुनिक वैद्यकाच्या पदवीधरांसाठी आहे, पण खेड्यातला तापाचा रुग्ण आधी आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरकडे जातो, मेडिकल दुकानात जातो, आशाताईला विचारतो. यांना क्रेडिट नको असेल, पण ‘काजूला गेला होतास का’ हा प्रश्न विचारायला क्रेडिट लागतही नाही. नोव्हेंबरच्या त्या सत्रात त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवायच्या आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषांत बोलायचे, आणि नमुना कुठल्या प्रयोगशाळेत, कुठल्या डब्यातून, कुणाच्या गाडीने जाणार, हे त्याच दिवशी ठरवून कागदावर लिहून द्यायचे.